पहिला चांगला हेडफोन निवडताना

स्टेशनबाहेर दीडशे-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या इअरफोनवर बरीच वर्षे काढल्यावर कधीतरी एक चांगला हेडफोन घ्यावा असे वाटू लागते, आणि माहिती शोधायला बसलेला माणूस ओहम, डेसिबल, कोडेक, ड्रायव्हरचा व्यास अशा शब्दांच्या गर्दीत अडकतो. यातले काही शब्द खरोखर कामाचे आहेत, तर काही केवळ खोक्यावर छापण्यापुरते आहेत, आणि कोणता शब्द कशात मोडतो हे दुकानदार सांगेलच असे नाही. हा लेख रोजच्या वापरासाठी साधारण तीन ते पंधरा हजार रुपयांच्या दरम्यान पहिला हेडफोन घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हेडफोन कुठे बसून ऐकणार हे ज्याने नीट ठरवले, त्याची निम्मी निवड तिथेच होते. उरलेल्या निम्म्यात तो कानावर कसा बसतो याचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि खोक्यावरच्या आकड्यांची पाळी त्यानंतर येते.

आधी हेडफोनच्या आत काय असते ते पाहू, कारण पुढचे बरेचसे त्यातूनच उलगडते. या किमतीतल्या बहुतेक हेडफोनमध्ये ‘डायनॅमिक’ प्रकारचा ड्रायव्हर असतो. प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा, त्याला चिकटवलेले बारीक तारेचे वेटोळे आणि त्याच्याजवळ पक्के बसवलेले चुंबक एवढीच त्याची रचना. गाण्याचा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला की ते चुंबकाच्या क्षेत्रात पुढे-मागे हलते, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि पडद्यापुढची हवा हलते. घरातला स्पीकरही याच तत्त्वावर चालतो. फरक असा की स्पीकरला खोलीभर हवा हलवायची असते, तर हेडफोनला पडदा आणि कान यांच्यामध्ये कोंडलेली थोडीशी हवाच हलवायची असते, आणि म्हणून ४० मिलिमीटरचा छोटासा पडदाही डग्ग्याची घुमक कानापर्यंत पोहोचवू शकतो.

यातला ‘कोंडलेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खालच्या स्वरांसाठी हवेचा दाब कुशनच्या आत टिकून राहावा लागतो, आणि कुशन व गाल यांच्यात जरा जरी फट राहिली तरी तो दाब बाहेर निसटतो. रिंग सैल झालेल्या कुकरला वाफ धरत नाही, तसेच हे. वरच्या स्वरांना या फटीचा फारसा त्रास होत नाही, त्यामुळे एकूण आवाज पातळ, कर्कश आणि निर्जीव वाटू लागतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हेडफोनच वाईट आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात हे अगदी समोर पाहायला मिळाले. पन्नाशीतले एक गृहस्थ दोन हेडफोन आळीपाळीने लावून पाहत होते आणि दुसऱ्यात तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही अशी त्यांची तक्रार होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, जरा चष्मा काढून ऐका बरं.” त्यांनी चष्मा काढला, आणि चेहऱ्यावरूनच कळले की डग्गा आला. पहिल्या हेडफोनचे कुशन मऊ आणि जाड असल्यामुळे चष्म्याच्या काडीभोवती ते नीट बसत होते. दुसऱ्याचे कुशन कडक असल्यामुळे काडीपाशी फट राहत होती. म्हणून चष्मा वापरणाऱ्यांनी, कानात डूल किंवा जाड रिंगा घालणाऱ्यांनी आणि केस कानावर घेणाऱ्यांनी हेडफोन नेहमीच्या वेशातच लावून पाहावा. लावल्यानंतर दोन्ही कप बोटांनी हलकेच दाबावेत. दाबताच खालचे स्वर एकदम वाढले, तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही, मग तो कितीही नावाजलेला असो.

बसण्याच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी आहेत. कानाभोवती बसणाऱ्या प्रकाराला ‘ओव्हर-इअर’ म्हणतात आणि कानावर टेकणाऱ्याला ‘ऑन-इअर’. दुसरा प्रकार आटोपशीर आणि स्वस्त असतो, पण तासाभराने कानाची पाळी दुखू लागते. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. दुसरे म्हणजे वजन. अडीचशे ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन डोक्यावर विसरता येतो. साडेतीनशेच्या पुढे गेला की मान त्याची आठवण करून देते.

कुठे ऐकणार?

हेडफोन हे मुळात शांत जागेतल्या कामाचे साधन होते. टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर आणि बिनतारी संदेश ऐकणारे खलाशी ते वापरत. केवळ संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये आणला, आणि तोही दिवाणखान्यातल्या रेकॉर्ड प्लेअरसमोर बसून ऐकण्यासाठी होता. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन हलक्या स्पंजाच्या हेडफोनसह आला आणि ऐकणे घराबाहेर पडले. त्याबरोबर एक नवीनच अडचण उभी राहिली. बाहेरच्या गोंगाटाचे काय करायचे? मुंबईत राहणाऱ्याला हा प्रश्न इतर कुठल्याही प्रश्नाआधी सोडवावा लागतो.

हेडफोनची पाठ दोन प्रकारची असते. ‘क्लोज्ड-बॅक’ म्हणजे बंद पाठीच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हरच्या मागे घट्ट कप असतो. आतला आवाज बाहेर फारसा जात नाही आणि बाहेरचा आत फारसा येत नाही. ‘ओपन-बॅक’ म्हणजे उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये कपाच्या जागी जाळी असते. पडद्याच्या मागून निघणारा आवाज कपाच्या भिंतीवर आपटून परत येत नसल्यामुळे वाद्ये डोक्याच्या आत न वाजता थोडी बाहेर, मोकळ्या जागेत वाजल्यासारखी वाटतात. संगीताचे दर्दी उघड्या पाठीची शिफारस हिरिरीने करतात, ती यासाठीच. १९९७ मध्ये आलेल्या सेनहायझर एचडी ६०० सारखा उघड्या पाठीचा हेडफोन अजूनही आदर्श म्हणून सांगितला जातो.

शिफारस चुकीची नाही, पण ती शांत खोलीसाठी केलेली आहे. वन रूम किचनमध्ये एका कोपऱ्यात दहावीचा अभ्यास चाललेला असताना दुसऱ्या कोपऱ्यात उघड्या पाठीचा हेडफोन लावून बसलात, तर अभ्यास करणाऱ्याला तुमचे गाणे ऐकू जाईल आणि तुम्हाला पंख्याची घरघर, मिक्सर, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आणि शेजारची मालिका असे सगळे काही ऐकू येईल. ज्याला रात्री अकरानंतर स्वतंत्र खोली मिळते त्याने उघडी पाठ जरूर घ्यावी, पण दुसरा हेडफोन म्हणून. पहिला हेडफोन बंद पाठीचाच असावा, असे माझे या शहरापुरते तरी स्पष्ट मत आहे.

प्रवासाचा हिशेब वेगळा करावा लागतो. सकाळी दादरला सेकंड क्लासच्या डब्यात चढताना डोक्यावर मोठा हेडफोन असणे म्हणजे तो कोणाच्या तरी खांद्यावरच्या सॅकला अडकून खाली पडण्याची वाट पाहणे होय. ऐन गर्दीच्या वेळी ज्याचा सगळा प्रवास उभ्याने होतो, त्याने कानात बसणारे, सिलिकॉनच्या टोप्यांचे इअरफोन घ्यावेत. त्या टोप्यांचे तीन आकार खोक्यात मिळतात आणि कानाला योग्य तो आकार बसला की बाहेरचा आवाज चांगलाच अडतो. ज्याला बसायला जागा मिळते, जो एसी लोकलने किंवा भुयारी मेट्रोने जातो, किंवा ज्याचे ऐकणे मुख्यतः ऑफिसमध्ये आणि घरी होते, त्याच्यासाठी मोठा हेडफोन सोयीचा ठरतो. रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही प्रकार कानातून काढून ठेवावेत. मागून येणारी गाडी ऐकू न येणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

गोंगाट पुसण्याची विद्या

‘नॉईज कॅन्सलेशन’ किंवा एएनसी ही सोय आता चार-पाच हजारांच्या हेडफोनमध्येही सापडते, म्हणून ती काय करते आणि काय करत नाही हे नीट समजून घेतलेले बरे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. हेडफोनवरचे छोटे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, आतील इलेक्ट्रॉनिक्स त्याची नेमकी उलटी लाट तयार करते, म्हणजे बाहेरचा दाब वाढेल तिथे ही लाट तो तेवढाच कमी करते, आणि दोन्ही लाटा कानापाशी एकमेकींना मारतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लूग यांना या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळाले होते, पण तेव्हाची यंत्रे इतक्या वेगाने काम करू शकत नव्हती. अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने वैतागून यावर काम सुरू केले. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला आणि सामान्य ग्राहकांसाठीचा हेडफोन २००० मध्ये.

हे तंत्र कुठे तोकडे पडते, ते लाटेच्या लांबीवरून कळते. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० वेळा कंप पावणाऱ्या, घरघरीची लाट हवेत सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तर ५,००० हर्ट्झच्या किणकिणाटाची लाट जेमतेम सात सेंटिमीटरची. उलटी लाट तयार करताना क्षणाचा उशीर झाला तरी लांब लाटेच्या बाबतीत तो खपून जातो. आखूड लाटेच्या बाबतीत मात्र तेवढ्यानेच मेळ चुकतो आणि आवाज पुसला जाण्याऐवजी तसाच राहतो. म्हणून एसीची, विमानाची, बसच्या इंजिनाची, एसी लोकलच्या बंद डब्यातली सलग घरघर एएनसी छान पुसते. शेंगदाणेवाल्याची हाक, भांड्यांचा खणखणाट, शेजारच्या बाकावरचे भांडण ती फारशी पुसत नाही. तिथे कुशनची जाडी आणि बंद पाठच कामाला येते. थोडक्यात, चांगले कुशन वरचे आवाज अडवते आणि एएनसी खालचे. दोन्ही मिळून गोंगाट आटोक्यात येतो. काही जणांना एएनसी चालू केल्यावर कान दडपल्यासारखे वाटतात. त्याने अपाय होत नाही, पण ज्याला ते सहन होत नाही त्याने दुकानातच ओळखावे.

स्वस्त हेडफोनच्या एएनसीबद्दल एक तक्रार खरी आहे: पैशांचा बराच भाग मायक्रोफोन, चिप आणि बॅटरीवर खर्च झालेला असतो आणि ड्रायव्हर व कुशन यांच्यावर हात आखडलेला असतो. पाच हजारांत एएनसीवाला ब्लूटूथ हेडफोन आणि त्याच पैशांत साधा वायरचा हेडफोन शेजारी ठेवून ऐकले, तर शांत जागेत वायरचा हेडफोन बहुधा सरस ठरतो.

वायर की ब्लूटूथ

वायरच्या हेडफोनला बॅटरी नसते, आवाजात उशीर होत नाही, आणि नीट वापरला तर तो दहा वर्षेही टिकतो. केबल काढता-घालता येणारी असेल तर उत्तमच, कारण वायरच्या हेडफोनमध्ये सर्वांत आधी मरते ती पिनेजवळची केबल. अडचण अशी की आयफोनमधून २०१६ साली ३.५ मिलिमीटरचे गोल भोक गेले आणि पुढे अँड्रॉइडच्या महागड्या फोनांनीही तोच कित्ता गिरवला. आता टाइप-सी पोर्टला लावायचा छोटा डोंगल घ्यावा लागतो. त्याच्या आत डिजिटल आवाजाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चिप असते आणि चांगल्या कंपनीचा साधा डोंगलही या किमतीच्या हेडफोनला पुरेसा असतो.

ब्लूटूथची सोय नाकारण्यात अर्थ नाही. लिथियम बॅटरी मात्र तीन-चार वर्षांत थकू लागते आणि बहुतेक हेडफोनमध्ये ती सहज बदलता येत नाही, हे लक्षात ठेवूनच पैसे मोजावेत. सोबत वायर लावूनही वाजू शकणारा ब्लूटूथ हेडफोन मिळाला तर तोच घ्यावा.

कोडेकचा बाऊ मात्र गरजेपेक्षा जास्त केला जातो. गाणे हवेतून पाठवण्यासाठी ते लहान करून पाठवायचे आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडायचे, या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा कोडेक प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतोच आणि तो सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो. आयफोन त्याशिवाय एएसी वापरतो. सोनीचा एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण चर्चगेट किंवा ठाणे स्टेशनसारख्या जागी, जिथे शेकडो फोन एकाच लहरींच्या पट्ट्यात बोलत असतात, तिथे तो आवाज तुटू नये म्हणून स्वतःच ६६० किंवा ३३० वर उतरतो. प्रवासाच्या गोंगाटात या कोडेकांमधला फरक ओळखणे जवळजवळ अशक्य असते. आयफोन वापरणाऱ्याने एलडॅकसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत, कारण त्याचा फोन तो चालवतच नाही.

ब्लूटूथची एक खोड मात्र सगळ्यांना ठाऊक असायला हवी. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली आणि हेडफोनचाच माइक निवडला गेला, की आवाज एकदम पातळ आणि बोदा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. बोलण्यासाठी ब्लूटूथ वेगळी, दुतर्फा आणि अरुंद पट्टीची पद्धत वापरते, म्हणून तसे होते. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडावा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवावा. आवाज पूर्ववत होतो.

खोक्यावरचे आकडे

‘२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो आणि तो वाचून काहीही कळत नाही. माणसाच्या निरोगी, तरुण कानाची कक्षा साधारण तेवढीच असते. हेडफोन त्या कक्षेत कुठे जोरात आणि कुठे हळू वाजतो हे महत्त्वाचे, आणि तेच नेमके लिहिलेले नसते. ४०,००० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या हेडफोनवर ‘हाय-रेझ’चे (हाय रिझोल्यूशनचे) सोनेरी लेबल लागते, पण ऐकू न येणाऱ्या स्वरांसाठी जादा पैसे का द्यायचे, याचे उत्तर मला तरी मिळालेले नाही. ड्रायव्हरचा व्यासही तसाच: ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर ४० मिलिमीटरपेक्षा चांगला असतोच असे नाही.

कामाचे आकडे दोनच आहेत, इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी, आणि तेही वायरच्या हेडफोनपुरतेच. ब्लूटूथ हेडफोनला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असल्यामुळे त्याने हा विचार आधीच केलेला असतो. इम्पीडन्स म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात. एखादा डोंगल १ व्होल्ट देतो असे धरू. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळते. ३०० ओहमच्या हेडफोनला तेवढ्याच व्होल्टमध्ये जेमतेम ३.३ मिलिवॅट. बाकी सगळे सारखे असेल तर दुसरा हेडफोन सुमारे १० डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) हळू वाजेल. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक शक्तीला किती आवाज निघतो तो आकडा. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आहेत ना, हे पाहावे. कोणी तो १ मिलिवॅटला सांगतो, तर कोणी १ व्होल्टला, आणि दोन्हींत बरेच अंतर असते. फोनवरून ऐकणाऱ्याने ८० ओहमच्या आत आणि १ मिलिवॅटला ९६ डेसिबलच्या पुढे राहावे म्हणजे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायची पाळी येत नाही. एकाच नावाचा हेडफोन वेगवेगळ्या ओहममध्ये मिळू शकतो, हेही पाहून घ्यावे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये विकला गेला आहे, आणि स्वस्तात मिळतो म्हणून २५० ओहमचा घेतलेल्या माणसाला फोनवर तो दबलेला वाटतो.

कानाने कसे पारखावे

‘फ्लॅट’ म्हणजे सगळे स्वर सारख्या जोराने वाजवणारा हेडफोन सर्वांत चांगला, असा एक समज आहे, आणि तो सरधोपट आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि एका टोकाला बंद असलेल्या नळीप्रमाणे ती ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप वाढवते. समोर बसून गाणाऱ्याचा आवाज आपण जन्मभर असाच वाढलेला ऐकतो. हेडफोनच्या बाबतीत कानाची पाळी आणि नळी यांचा हा परिणाम बदलतो, म्हणून तिथे मुद्दाम उठाव द्यावा लागतो. नाहीतर गाणाऱ्याच्या तोंडावर कापड धरल्यासारखे वाटते. हा उठाव नेमका किती असावा हे शोधण्यासाठी हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या दशकात पुष्कळ लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवून त्यांची पसंती टिपली. चांगले स्पीकर चांगल्या खोलीत जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो, असे त्यातून निघाले. परीक्षणांत ‘हरमन कर्व्ह’ म्हणून ज्या रेषेचा उल्लेख येतो ती हीच. ती पंचांग नव्हे. एखाद्याला खालचे स्वर थोडे जास्त आवडतात, एखाद्याला कमी.

पारखण्यासाठी आपल्याकडे उत्तम साहित्य घरातच असते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. त्या एका तारेत खालचा स्वर आणि जवारीमुळे उमटणारे वरचे झंकार असे दोन्ही असते. चांगल्या हेडफोनमध्ये खर्ज गुबगुबीत न होता स्पष्ट कळतो आणि झंकार टोचत नाही. तबल्यात डग्ग्याची मींड, म्हणजे तळहाताने दाबून वर चढवलेला स्वर, वेगळा ओळखता यायला हवा. नुसता धप्प आवाज आला तर खालचे स्वर फुगवलेले आहेत. बाईच्या उंच पट्टीतल्या आवाजात ‘स’ आणि ‘श’ कानाला चरचरले, तर ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान आवाज चढवलेला आहे आणि तो हेडफोन अर्ध्या तासात थकवणार. ढोलकी आणि झांजा असलेले एखादे रेकॉर्डिंगही जवळ ठेवावे, कारण गर्दीच्या संगीतात वाद्ये एकमेकांत मिसळतात की वेगळी राहतात हे त्यातच कळते.

दुकानात ऐकताना दोन गोष्टींपासून सावध राहावे. दोन हेडफोनमधला जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, म्हणून आवाज कमी-जास्त करून दोन्ही सारख्या पातळीवर आणल्याशिवाय मत बनवू नये. दुसरे म्हणजे रस्त्याची घरघर खालचे स्वर झाकून टाकते, म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत दार उघडे असताना जो हेडफोन जरा कोरडा वाटतो तोच घरी बरोबर वाटतो, आणि दुकानात जो दणदणीत वाटतो तो घरी बोजड होतो. आपला फोन, आपली डाउनलोड केलेली गाणी आणि आपला चष्मा घेऊन, शक्यतो दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जावे आणि निदान पंधरा-वीस मिनिटे हेडफोन डोक्यावर ठेवावा. ‘शंभर तास वाजवल्यावर खुलतो’ असे कोणी सांगितले तर मान डोलवावी, पण त्या आशेवर न आवडलेला हेडफोन घेऊ नये. कुशन मऊ होते, कान सरावतो, ड्रायव्हर मात्र जवळजवळ तसाच राहतो.

नकली मालाबद्दल दोन शब्द. गाजलेल्या मॉडेलच्या हुबेहूब नकला फुटपाथवर आणि काही दुकानांतही मिळतात, आणि वजन व खोके पाहून त्या ओळखणे कठीण असते. जीएसटी क्रमांक असलेले बिल घ्यावे, वॉरंटी कंपनीची आहे की विक्रेत्याची हे विचारावे, आणि ब्लूटूथ हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक आहे का ते पाहावे, तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो.

कान आणि पावसाळा

बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या हेडफोनचा खरा फायदा संगीतापेक्षा कानांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, लहान मुलांसाठी ही पातळी ७५ आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. उघड्या दाराच्या लोकलमध्ये साध्या इअरफोनवर शब्द कळावेत म्हणून आपण आवाज वाढवत नेतो आणि उतरल्यावरही तो तसाच राहतो. गोंगाट दहा-पंधरा डेसिबलने कमी करणारा हेडफोन लावला तर आवाज तेवढाच खाली ठेवता येतो, आणि वरच्या हिशेबात त्याचा अर्थ दिवसाला काही मिनिटांऐवजी काही तास असा होतो. फोनच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालता येते. घरातल्या मुलांच्या फोनवर ती घालून ठेवावी.

राहिली हवा. मुंबईच्या दमटपणात हेडफोनचा सर्वांत आधी जाणारा भाग म्हणजे कुशनवरचे कृत्रिम कातडे. ते पॉलियुरेथेनचे असते, आणि ओलसर हवेत त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तुटते. हेडफोन वापरा किंवा कपाटात ठेवा, ही क्रिया चालूच राहते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर कानावर, मानेवर आणि पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर काळे पापुद्रे दिसू लागले, की कुशनची वेळ भरली असे समजावे. केसांचे तेल आणि घाम ही वेळ आणखी जवळ आणतात, म्हणून वापरून झाल्यावर कुशन कोरड्या मऊ कापडाने पुसावे, ओला हेडफोन लगेच बंद पाऊचमध्ये कोंबू नये, आणि जून ते सप्टेंबर पाऊचमध्ये सिलिका जेलची एक पुडी ठेवावी. कापडी किंवा मखमली कुशन सोलत नाही आणि उकाड्यात बरेही वाटते, पण त्यातून हवा जात असल्यामुळे खालचे स्वर थोडे कमी होतात आणि बाहेरचा आवाज जास्त आत येतो. ज्याचे कुशन चिकटवलेले नसून ओढून काढता येते आणि ज्याची नवी जोडी वेगळी विकत मिळते, असाच हेडफोन घ्यावा. ती जोडी किती रुपयांना पडते हे बिल करण्यापूर्वी विचारून घ्यावे.